शिल्लक किती?

झोपेत माझा श्वास अडतो. घरातील मंडळी बरीच वर्षे त्याला घोरणेच समजत होती. पुढे डॉक्टरांनी तपासणी करून त्या प्रकाराला नाव दिले आणि उशाशी एक लहानसे यंत्र ठेवावयास सांगितले. नाकावर मुखवटा बांधून निजावयाचे आणि त्या यंत्राने रात्रभर हलक्या दाबाने हवा पुरवीत राहावयाची, असा तो बंदोबस्त आहे. बेळगावात रात्री वीज गेली तर इन्व्हर्टर आपणहून सुरू होतो आणि मला त्याची वार्ताही लागत नाही. परंतु २०२४ च्या मे महिन्यात, अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार मीटर उंचीवर एका ट्रेलरमध्ये निजलो असता, रात्री अडीचच्या सुमारास ते यंत्र बंद पडले. मुखवटा चेहऱ्यावर तसाच, आत हवा नाही, आणि मी घुसमटून उठून बसलो.

त्या रात्रीचे कारण शोधता शोधता जे शिकावयास मिळाले, ते ह्या महिन्यात वाचकांपुढे ठेवावे असे मनात आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतील मुले, भावंडे आज परदेशी आहेत. त्यांतील काही जण सुटीच्या दिवसांत अशी चाकांवरची खोली मोटारीमागे जोडून रानावनांत जातात, आणि आपण भेटीस गेलो की आपल्यालाही नेतात. ज्यांना तो योग येणार नाही त्यांच्याही घरी बहुधा इन्व्हर्टरची बॅटरी असतेच, आणि तिचे शास्त्र काही निराळे नाही.

माझा धाकटा भाऊ डेन्व्हर शहरी राहतो. दोन वर्षांपूर्वी त्याने एक लहान ट्रेलर घेतला. दोन चाकांवरची एक पेटीवजा खोली. आत दोन माणसे निजतील एवढी गादी, मागचे झाकण वर उचलले की ओट्याएवढे स्वयंपाकघर, गॅसवर चालणारी ऊब देणारी शेगडी आणि तिची ऊब आत फेकणारा विजेचा पंखा, एक लहानसा शीतकपाट, दोन दिवे. पुढच्या बाजूस, मोटारीला जोडावयाच्या दांड्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी. ती भरण्यासाठी घडी घालून ठेवता येणारे १०० वॅटचे एक सौर पॅनेल. आम्ही उभयता ट्रेलरमध्ये आणि भाऊ-भावजय शेजारी तंबूत, अशी योजना ठरवून आम्ही दक्षिणेकडे ग्रेट सँड ड्यून्स ह्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. एका बाजूस बर्फाच्छादित पर्वत आणि त्यांच्या पायथ्याशी वाऱ्याने रचलेले सव्वादोनशे मीटर उंचीचे वाळूचे डोंगर, असे ते अपूर्व स्थळ आहे. त्या वाळूच्या कडेने मेडानो नावाचा ओढा मे-जूनमध्ये वाहतो. पावले बुडतील एवढ्या पाण्यात थांबून थांबून लाटा येतात. आमच्या सौ. त्या पाण्यातून बाहेर यावयास तयार नव्हत्या. असो; ते वर्णन पुन्हा कधीतरी.

पिन्यॉन फ्लॅट्स नावाच्या तेथील मुक्कामाच्या तळावर विजेची जोडणी नाही. जे काही असेल ते आपल्या बॅटरीत. भावाने संध्याकाळी पॅनेलच्या पाठीमागच्या पेटीकडे बोट दाखवून मला म्हटले, "दादा, काळजी नको. चारही पट्ट्या भरल्या आहेत. फुल्ल आहे." त्या चार पट्ट्यांवर विसंबून मी निजलो आणि पुढचा प्रकार वर सांगितलाच आहे. बाहेर पारा शून्याच्या आसपास होता. उरलेली रात्र मी उशांना टेकून, बसल्या बसल्या काढली.

सकाळी शेजारच्या जागेवरचे एक वृद्ध गृहस्थ आमची लगबग पाहून चौकशीस आले. आयुष्यभर टेलिफोनच्या तारांवर काम करून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या गाडीतून साधा मल्टिमीटर आणला आणि बॅटरीच्या दोन टोकांना लावला. आकडा आला ११.७. त्यांनी भुवया उंचावल्या. तोवर ऊन वर आले होते आणि पॅनेलच्या पाठीवरील पेटी पुन्हा एकेक पट्टी उजळू लागली होती. अकराच्या सुमारास त्यांनी दोन ठिकाणी मोजले. पेटीच्या मुखाशी १४.४ व्होल्ट, सहा मीटर वायरच्या दुसऱ्या टोकाशी, म्हणजे बॅटरीवर, १३.९. त्यांनी भावाला विचारले, "ही पेटी तिकडे कशासाठी टांगली आहे?" भावाने प्रामाणिकपणे सांगितले की, विकत घेतली तेव्हा ती तेथेच होती.

ही पेटी म्हणजे चार्ज कंट्रोलर. परिभाषेच्या हौसेने तिला ‘प्रभार-नियंत्रक’ म्हणता येईल, पण त्या नावाने कोणत्याही दुकानात ती मिळणार नाही, तेव्हा आपणही कंट्रोलरच म्हणू. पॅनेलकडून येणारी वीज थेट बॅटरीत सोडली तर बॅटरी उकळून मरेल. म्हणून मध्ये हा द्वारपाल बसवावयाचा. बॅटरीचा दाब एका मर्यादेपर्यंत वाढला, शिशाच्या बॅटरीत साधारण १४.४ व्होल्ट, की तो प्रवाह आखडता घेऊ लागतो. परंतु त्याला बॅटरी दिसत नाही. त्याला आपल्या स्वतःच्या मुखाशी असलेला दाब तेवढा कळतो. सहा मीटर वायर म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर. दोन चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याचा तेवढ्या लांबीचा विरोध सुमारे ०.१ ओहम, त्यातून पाच अँपिअर गेले की अर्धा व्होल्ट वाटेतच खर्ची पडतो. द्वारपालाला वाटते, यजमानाचे पोट भरले. आणि यजमान आत अर्धपोटी. ऐन उन्हाच्या वेळी तो हात आखडतो आणि जी वीज बॅटरीत जावयाची ती जातच नाही. कंट्रोलर बॅटरीच्या शेजारी, हातभर अंतरावर असावा आणि लांब वायर पॅनेल व कंट्रोलर ह्यांच्या मध्ये असावी, हा नियम इतका साधा आहे की घडीच्या पॅनेलांच्या पाठीला तो चिकटवून विकणाऱ्यांचे मला नवल वाटते. विक्रीस सोयीचे आणि वापरास गैरसोयीचे, अशा वस्तूंची यादी आपल्या घरातूनही सहज निघेल.

हे झाले भरण्यासंबंधी. पण मूळ प्रश्न तो नव्हता. बॅटरी अर्धपोटी राहिली हे आम्हांला संध्याकाळीच कळले असते तर मी यंत्राची वाफेची टाकी बंद केली असती, शेगडीचा पंखा कमी चालविला असता आणि रात्र निभावली असती. चार पट्ट्यांनी आम्हांला फसविले, ते कसे?

त्या पट्ट्या बॅटरीचा दाब पाहून पेटतात, म्हणजे व्होल्टवरून शिल्लक ठरवितात. शिशाच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा घरे असतात. ती पूर्ण भरून, काही तास कुणाला काही न देता व कुणाकडून काही न घेता स्वस्थ राहिली, तर दाब १२.६ ते १२.७ व्होल्ट असतो. निम्मी उरली की साधारण १२.१ किंवा १२.२. म्हणजे भरलेली आणि निम्मी ह्यांत अर्ध्या व्होल्टचे अंतर. आता वर ऊन असताना, विजेचा प्रवाह आत येत असताना मोजाल तर बॅटरी रिकामी असली तरी दाब १३ च्या वर दिसेल; आणि पंखा चालू असताना मोजाल तर भरलेली बॅटरीही १२.२ दाखवील. माणूस जेवत असताना वजनकाट्यावर उभा करावा, तसे हे आहे. आणि भाऊ पट्ट्या पाहत होता तो नेमका सूर्य मावळतीला असताना, पॅनेल जोडलेले असताना. त्या वेळी त्या चारच काय, आठ असत्या तरी आठही पेटल्या असत्या.

आमच्या लहानपणी इन्व्हर्टर नव्हते, पण बॅटरीवाल्याच्या हातात काचेची नळी असे. घरातील आम्ल त्या नळीत ओढून आतल्या तरंगकाच्या खुणेवरून तो बॅटरी भरली की नाही सांगे. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आम्लाचे विशिष्ट गुरुत्व १.२६५ ते १.२८ पर्यंत असते. ती पद्धत आजही खरी आहे. (इन्व्हर्टरच्या बॅटरीवरील लाल-हिरवे तरंगते सूचक मात्र पाण्याची पातळी सांगतात, विजेची नव्हे, हा घोटाळा आमच्याच घरात वर्षानुवर्षे चालला होता.) पण बंद बॅटरीत नळी घालता येत नाही, आणि हल्ली ट्रेलरवाले ज्या लिथियमच्या बॅटऱ्या वापरतात त्यांत आम्लच नाही.

लिथियमच्या, नेमके सांगावयाचे तर लिथियम-आयर्न-फॉस्फेटच्या बॅटरीत तर व्होल्टवरचा अंदाज पुरताच निरुपयोगी. तिची चार घरे, प्रत्येकी ३.२ व्होल्टची. ऐंशी टक्के भरलेली असो की तीस टक्के, दाब १३ च्या आसपासच घोटाळतो. एखाद-दुसऱ्या दशांशाच्या फरकात निम्मी बॅटरी लपलेली असते. मग अखेरीस दाब कड्यावरून कोसळावा तसा कोसळतो आणि आतले रक्षक मंडळ सारेच बंद करते.

तेव्हा शिल्लक जाणण्याचा खरा मार्ग एकच: जमा आणि नावे लिहून ठेवणे. त्यासाठी बॅटरीच्या ऋण टोकावर एक धातूची जाड पट्टी बसवितात. तिला शंट म्हणतात. तिचा विरोध अत्यल्प, पण अगदी नेमका ठरविलेला असतो. नेहमीच्या शंटवर ‘५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्ट’ असे लिहिलेले असते. म्हणजे ५०० अँपिअर वाहिले तर तिच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडावयाचा, आणि पाच अँपिअर वाहिले तर अर्ध्या मिलिव्होल्टचा. तो सूक्ष्म फरक सतत मोजून यंत्र प्रवाह काढते, काळाने गुणते आणि किती अँपिअर-तास आले व किती गेले ह्याची बेरीज-वजाबाकी ठेवते. हा झाला बॅटरी मॉनिटर. भावाने आधी दुसरीच गोष्ट घेण्याचा बेत केला होता. भारी कंट्रोलर घ्यावा, त्याची माहिती मोबाईलवर दिसते, म्हणजे काम झाले, असे त्याला वाटे. परंतु कंट्रोलर सूर्याकडून आले किती एवढेच सांगतो. पंखा, दिवे, यंत्र ह्यांनी नेले किती, ते त्याला ठाऊक नसते. पगाराचा कागद पाहून घरखर्च कळत नाही. माझे मत असे की, पैसे थोडे असतील तर ते प्रथम मॉनिटरवर खर्चावेत. कंट्रोलर जुना असला तरी महिनाभर चालेल. हिशेब नसेल तर नवा घ्यावा तो किती मोठा, हेही कळणार नाही.

मॉनिटरमध्येही प्रकार आहेत. नुसता व्होल्ट दाखविणारा आणि त्यावरून टक्के छापणारा, तो घेऊच नये. तो आमच्या चार पट्ट्यांचाच सुशिक्षित भाऊ. काहींत शंटऐवजी वायरीभोवती कडे घालावयाचे असते व चुंबकीय परिणामावरून प्रवाह कळतो. वायर तोडावी लागत नाही ही सोय खरी, पण त्याचा शून्य हळूहळू सरकतो. लिथियमच्या काही बॅटऱ्यांत आतच हिशेब ठेवणारे मंडळ असते आणि ते मोबाईलवर दिसते. ते वाईट नाही, परंतु त्यांतील काही मंडळे अगदी लहान प्रवाह मोजीतच नाहीत. दिवसभर अर्धा अर्धा अँपिअर गळत राहिला आणि वहीत शून्य लिहिले गेले, तर आठवड्याने हिशेब चुकणारच. शंट घ्यावा हे बरे. नेदरलँडच्या विक्ट्रॉन कंपनीचा शंट तिकडे बराच वापरला जातो. भावानेही तोच घेतला.

तो बसविताना एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो आणि ती आम्हीही केली. बॅटरीच्या ऋण टोकावर शंटखेरीज दुसरी एकही वायर राहता कामा नये. ट्रेलरच्या सांगाड्याला जाणारी, इन्व्हर्टरची, कंट्रोलरची, साऱ्या शंटच्या पलीकडच्या टोकावर न्यावयाच्या. भावाने कंट्रोलरची काळी वायर सवयीने बॅटरीवरच ठेवली. परिणामी दिवसभर ऊन असूनही मॉनिटर फक्त खर्चच दाखवी, आणि भाऊ पॅनेल बिघडले म्हणून ते परत पाठवावयास निघाला होता! पुतणीने मागे वाकून पाहिले आणि म्हणाली, "बाबा, ही वायर बायपास करतेय." एका पान्ह्याचे काम.

दुसरी गोष्ट, मॉनिटरला बॅटरीची माहिती द्यावी लागते. क्षमता किती, कितीला ‘पूर्ण भरली’ असे समजावे, आणि आत घातलेल्यापैकी किती परत मिळते. शिशाच्या बॅटरीत शंभर घातले तर साधारण पंच्याऐंशी मिळतात. लिथियममध्ये जवळजवळ सारे. आणखी एक आकडा पॉयकर्ट ह्या जर्मन संशोधकाच्या नावाने असतो. त्याने १८९७ मध्ये दाखवून दिले की, शिशाच्या बॅटरीतून घाईघाईने वीज उपसली तर एकूण वीज कमी मिळते. लिथियमला हा दोष नाहीसाच आहे. शिवाय ‘पूर्ण भरली’ ह्याची खूण नुसत्या दाबावरून ठरवू नये. दाब वरच्या मर्यादेला आणि आत जाणारा प्रवाह क्षमतेच्या दोन ते चार टक्क्यांवर उतरलेला, असे दोन्ही जुळले म्हणजे शंभर टक्के. ही मर्यादा सैल ठेवली तर यंत्र सकाळी दहालाच शंभर टक्के जाहीर करून मोकळे होते. आणि कितीही चांगली वही असली तरी पैशापैशाची चूक साचते. म्हणून अधूनमधून बॅटरी खरोखर पूर्ण भरून हिशेब जुळवून घ्यावा.

घरी परतल्यावर भावाने बॅटरी रात्रभर भरून, दुसऱ्या दिवशी दिवे व पंखा लावून ती रिती केली आणि मॉनिटर काय सांगतो ते पाहिले. अंगावर १०० लिहिलेली ती बॅटरी ५८ अँपिअर-तासांत संपली. चार हिवाळे ती अर्धपोटी राहिली होती. आत गंधकाचे क्षार धरले होते. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक उपसू नये हा संकेत पाळावयाचा तर हाताशी तीसच उरले. मग आम्ही कागद घेऊन त्या रात्रीचा हिशेब मांडला. माझे यंत्र, वाफेची टाकी व तापणारी नळी चालू, तेही इन्व्हर्टरमधून: तासाला सुमारे चार, आठ तासांचे ३२. शेगडीचा पंखा तीन अँपिअरचा, निम्मा वेळ चालला असे धरून १२. शीतकपाट आठ. दिवे एक. बेरीज ५३. नवीकोरी बॅटरी असती तरी मर्यादा ओलांडलीच असती. आणि ही तर थंडीत आणखी आकसलेली. शून्य अंशाच्या आसपास शिशाची बॅटरी आपल्या क्षमतेचा चांगलाच भाग गमावते. अडीच वाजेपर्यंत ती टिकली हेच विशेष.

ह्या बेरजेतून पहिला उपाय विनामूल्य निघाला. माझ्या यंत्राला १२ व्होल्टवर थेट चालविणारी वायर मिळते. बॅटरीची वीज इन्व्हर्टरने ११० व्होल्ट करावयाची आणि यंत्राच्या अडॅप्टरने पुन्हा खाली आणावयाची, हा द्राविडी प्राणायाम त्यामुळे टळतो. वायरीचे पैसे पडतात, पण वाफेची टाकी बंद करावयास काहीच पडत नाही. दोन्ही मिळून खर्च ३२ वरून आठावर आला. वाफेवाचून घसा कोरडा पडतो, हे खरे. उशाशी तांब्या ठेवला. (डॉक्टरांना विचारल्याखेरीज कुणी असा बदल करू नये, मी फोनवरून विचारून घेतले होते.)

मग कंट्रोलर. त्यात दोन जाती आहेत. पहिली, पीडब्ल्यूएम, पॅनेल सरळ बॅटरीला जोडून देते आणि भरत आली की चालू-बंद, चालू-बंद करून प्रवाह कमी करते. १०० वॅटचे पॅनेल आपला जोर १८ व्होल्ट आणि साडेपाच अँपिअर अशा स्थितीत दाखविते; पण बॅटरीला बांधले की ते बॅटरीच्या १३ व्होल्टवर खेचले जाते. अँपिअर तेच साडेपाच. तेरा गुणिले साडेपाच म्हणजे ७२ वॅट; उरलेले वाया. दुसरी जात, एमपीपीटी, पॅनेलला त्याच्या सोयीच्या १८ व्होल्टवर राहू देते आणि जास्तीच्या दाबाचे रूपांतर अधिक प्रवाहात करते. त्याच उन्हात सात अँपिअर मिळतात. पाच तास चांगले ऊन धरले तर एकीचे २७ आणि दुसरीचे ३५ अँपिअर-तास.

मग प्रत्येकाने एमपीपीटीच घ्यावा का? नाही. आपल्याकडे कडक उन्हात पॅनेल तापून साठ अंशांवर जाते आणि तापले की त्याचा दाब उतरतो. वाचवावयास उरतेच थोडे. उष्ण प्रदेशात, एकाच लहान पॅनेलासाठी, साध्या पीडब्ल्यूएमवर मी निर्धास्त राहीन. थंड व उंच प्रदेशात उलट. पॅनेल थंड, दाब चढा, आणि दुसऱ्या जातीचा खरा फायदा तेथे. आणखी एक अपवाद असा की, घराच्या छपरासाठी केलेली तीस-चाळीस व्होल्टची मोठी पॅनेले कुणी स्वस्तात मिळाली म्हणून १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमवर जोडू नयेत. निम्म्याहून अधिक वीज हवेत जाईल.

बाजारात एमपीपीटी असे ठळक लिहिलेल्या, पण आत पीडब्ल्यूएम असलेल्या स्वस्त पेट्या भरपूर आहेत. त्या हाताला हलक्या लागतात, कारण रूपांतराला लागणारे तारांचे वेटोळे आत नसते. खरी परीक्षा उन्हात: बॅटरी भुकेली असताना पॅनेलकडून येणारे अँपिअर आणि बॅटरीकडे जाणारे अँपिअर मोजावेत. दोन्ही सारखे, तर नाव काही का असेना, ती पीडब्ल्यूएम. जाणारे अधिक, तर खरी.

कंट्रोलरवर ‘७५/१५’ असे दोन आकडे असतात. दुसरा, तो जास्तीत जास्त किती अँपिअर देईल. १५ म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीला सुमारे २०० वॅटची पॅनेले पुरे. ह्यात थोडे कमी-अधिक चालते. पहिला आकडा मात्र पॅनेलकडून येणाऱ्या दाबाची लक्ष्मणरेषा आहे. भावाने तसेच आणखी एक पॅनेल घेऊन दोन्ही एकापुढे एक जोडावयाचे ठरविले. काही न जोडता पॅनेलचा दाब २२ व्होल्ट, दोघांचा ४४. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा. एका अंशाने थंड झाले की दाब साधारण ०.३ टक्के चढतो. उणे दहा अंशांच्या पहाटे, म्हणजे ३५ अंश खाली, साडेदहा टक्के अधिक: साडेअठ्ठेचाळीसच्या वर. ५० व्होल्टची मर्यादा असलेला कंट्रोलर स्वस्त मिळत होता. तो घेतला असता तर त्याहूनही कडाक्याच्या एखाद्या सकाळी सूर्याचा पहिला किरण पडताच मर्यादा ओलांडून जळण्याचा धोका होता. ७५ चा घेतला.

बॅटरीही बदलली. येथे थंडीचे निराळेच पथ्य आहे. लिथियमची बॅटरी शून्याखाली वीज देते, पण शून्याखाली तिच्यात वीज भरू नये. आत धातूचा थर साचतो आणि ती कायमची दुखावते. म्हणजे रात्री गोठलेली बॅटरी आणि सकाळी उत्साहाने उगवलेला सूर्य ही जोडी घातक. चांगल्या बॅटरीत हे थांबविणारे मंडळ असते. तरीही कंट्रोलरला बॅटरीचे तापमान कळावे अशी सोय असली तर उत्तम. जुनी बॅटरी भरताना हायड्रोजन सोडी, म्हणून ती बाहेर दांड्यावर असे. नवी गादीखालच्या कप्प्यात, उबेत ठेवली. अंगानेही ती निम्म्याहून हलकी. कंट्रोलरमधील शिशाची मांडणी बदलून लिथियमची लावली, हे विसरू नये: शिशाच्या बॅटरीला थंडीत अर्धा-पाऊण व्होल्ट अधिक द्यावा लागतो आणि कंट्रोलर तो आपणहून देतो, लिथियमला ती वाढ नको, आणि काही कंट्रोलर शिशासाठी महिन्याकाठी जो जादा दाबाचा डोस देतात तोही नको.

जोडणीचा क्रम: आधी बॅटरी, मग पॅनेल, सोडताना आधी पॅनेल. बॅटरीच्या धन टोकाजवळ, वीतभर अंतरात, फ्यूज. ह्यात वादाला जागा नाही.

माझी सुटी संपत आली होती. पंधरा दिवसांनी, निघण्याच्या आदल्या आठवड्यात, आम्ही पुन्हा त्याच ओढ्याकाठी गेलो. पाणी आता घोट्याच्या वर होते. पॅनेले वाळूत उन्हाकडे तोंड करून, झाडाच्या सावलीबाहेर मांडली. पॅनेलवर फांदीची सावली पडली तरी उत्पन्न कसे ढासळते ते भाऊ मॉनिटरवर पाहत होता आणि ती दोन्ही दर तासाला सरकवीत होता. सूर्यास्ताला शंभर टक्के. निजताना ९८. रात्री दोनदा जाग आली, ती मुखवट्याने नव्हे, सवयीने. अंधारात मोबाईल उघडून पाहिले, ८८, मग ७९. सहाला उठलो तेव्हा ७३ होते.

"दादा, झोप लागली का?" भावाने तंबूतून विचारले. मी म्हटले, सत्तावीस गेले, त्र्याहत्तर आहेत. तो म्हणाला, "मी झोपेचं विचारतोय."

सौ.नी तेवढ्यात भावजयीला विचारले की एवढी वीज शिल्लक आहे तर नारळाच्या चटणीला मिक्सर चालेल का. भावाने हिशेब केला: चटणीला लागणार जेमतेम दीड अँपिअर-तास, शिल्लक भरपूर, परंतु मिक्सर ५०० वॅटचा आणि इन्व्हर्टर ३०० चा. चटणी खलबत्त्यात झाली.